एका पौंडाचे किती रुपये?

मुलांनो, घरात मोठी माणसं गप्पा मारायला बसली की एक वाक्य हमखास कानावर येतं. "स्वातंत्र्य मिळालं तेव्हा एक रुपयाला एक डॉलर मिळायचा, आणि आता बघा कुठे गेला तो!" ऐकणारे सगळे माना डोलावतात, कोणीतरी उसासा टाकतं आणि गप्पा पुढे जातात.

पण हे खरं आहे का? ते कुणाला विचारायचीही गरज नाही. कागद, पेन्सिल आणि भागाकार एवढं पुरे. या लेखाच्या मध्यावर पोचलात की तुमचं तुम्हालाच उत्तर काढता येईल. मात्र त्यासाठी आधी डॉलर बाजूला ठेवून इंग्लंडच्या पौंडाची ओळख करून घ्यायला हवी. कारण कित्येक दशकं आपला रुपया पौंडाच्या दावणीला बांधलेला होता. पौंड हलला की रुपया हलायचा. आणि रुपया हलला की विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यापासून गिरणगावातल्या कामगारापर्यंत सगळ्यांच्या ताटातली भाकरी कमी-जास्त व्हायची.

आधी थोडी कोष्टकं

एका देशाचं नाणं देऊन दुसऱ्या देशाचं किती मिळतं, त्या भावाला विनिमय दर म्हणतात. जुन्या मराठी वर्तमानपत्रांत त्याला 'हुंडणावळीचा भाव' म्हणत. कांद्या-बटाट्याचा भाव असतो, तसाच हा पैशाचा भाव.

आपल्याकडे पूर्वी १ रुपयाचे १६ आणे आणि १ आण्याच्या १२ पै होत. तिकडे १२ पेन्सांचा १ शिलिंग आणि २० शिलिंगांचा १ पौंड. म्हणजे एका पौंडाचे २४० पेन्स. हा २४० चा आकडा लक्षात ठेवा, आपल्याला तो सारखा लागणार आहे. (आपण १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० पैसे केले. इंग्रजांनी पौंडाचे १०० पेन्स करायला १५ फेब्रुवारी १९७१ हा दिवस उजाडू दिला!)

त्या काळी भाव सांगायची रीतही उलटी होती. आज आपण "एका पौंडाला अमुक रुपये" म्हणतो. तेव्हा "एका रुपयाला अमुक पेन्स" असं म्हणत. रुपयाला २ शिलिंग, म्हणजे २४ पेन्स मिळत असतील, तर एका पौंडाचे किती रुपये? २४० भागिले २४. उत्तर १०. सोपं आहे ना? आता निघू या.

एक तोळ्याचा रुपया

१८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलुखात सगळीकडे एकच रुपया चालू केला. त्याचं वजन होतं बरोबर एक तोळा, आणि त्यातले बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. गावोगावच्या दुकानांत तोळाभर माल तोलायला वजन म्हणून रुपयाच तागडीत टाकत असत. मुंबईत किंवा कलकत्त्यात टांकसाळीत चांदी नेऊन द्यायची आणि तिचे रुपये पाडून घ्यायचे, अशी मोकळीक होती. त्यामुळे रुपयाची किंमत म्हणजे त्यातल्या चांदीची किंमत, असा सरळ हिशेब होता.

इंग्लंडचा पौंड मात्र सोन्याचा. त्यामुळे रुपया आणि पौंड यांचा भाव म्हणजे खरं तर चांदी आणि सोनं यांचा भाव. १८७० च्या सुमाराला एका रुपयाला जवळजवळ २ शिलिंग मिळत. म्हणजे पौंडाला १० रुपये. कितीतरी वर्षं हा भाव फारसा हलला नव्हता.

मग चांदीचे दिवस फिरले. १८७१ नंतर जर्मनीने चांदीची नाणी सोडून सोन्याची नाणी घेतली आणि आपली चांदी विकायला काढली. युरोपातल्या आणखीही काही देशांनी चांदीची नाणी पाडणं थांबवलं. त्यातच अमेरिकेत नेव्हाडा भागातल्या खाणींतून चांदीचे ढीग बाहेर पडू लागले. विकणारे पुष्कळ आणि घेणारे थोडे झाले, की बाजारात काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहेच. चांदी उतरली आणि तिच्या पाठोपाठ रुपयाही उतरला. १८९४-९५ पर्यंत रुपयाला जेमतेम १३ पेन्स मिळू लागले. करा भागाकार: २४० भागिले १३, म्हणजे पौंडाला जवळजवळ साडेअठरा रुपये!

लंडनचं बिल कुणी भरायचं?

तुम्ही म्हणाल, रुपया उतरला तर उतरला. खेड्यातल्या माणसाला पौंड कशाला लागतो? त्याला लागत नव्हता, पण त्याच्यावर राज्य करणाऱ्या सरकारला लागत होता. भारतात नोकरी करून इंग्लंडला परत गेलेल्या साहेबांची पेन्शनं, रेल्वेसाठी आणि इतर कामांसाठी काढलेल्या कर्जाचं व्याज, लंडनमधल्या इंडिया ऑफिसचा खर्च हे सगळं भारताच्या तिजोरीतून दरवर्षी लंडनला पौंडांत पाठवावं लागे. याला 'होम चार्जेस' म्हणत. दादाभाई नौरोजींनी ज्या संपत्तीच्या गळतीविरुद्ध आयुष्यभर आवाज उठवला, त्यातला हा मोठा भाग.

आता एक हिशेब करा. निवृत्त झालेल्या एखाद्या साहेबाला वर्षाला १,००० पौंड पेन्शन आहे असं समजा. पौंडाला १० रुपये असताना भारताला त्यासाठी १०,००० रुपये लागायचे. पौंड साडेअठरा रुपयांना झाल्यावर? तेच पेन्शन, तोच साहेब, पण रुपये लागले १८,५००! जास्तीचे साडेआठ हजार सरकार आणणार कुठून? करातून. म्हणजे नेव्हाडातल्या खाणीत चांदी सापडली आणि तिचा भार इथल्या रयतेच्या डोक्यावर आला. जगाचा बाजार असा एकमेकांत गुंतलेला असतो.

शेवटी सरकारने जून १८९३ मध्ये टांकसाळीचं दार लोकांना बंद केलं. चांदी आणून द्या आणि रुपये घेऊन जा, हे संपलं. नवे रुपये कमी निघाले की रुपया दुर्मीळ होईल आणि त्याचा भाव चढेल, असा त्यामागचा विचार. तसंच झालं. १८९८ पर्यंत रुपया १६ पेन्सांवर, म्हणजे १ शिलिंग ४ पेन्सांवर आला आणि सरकारने तो तिथेच धरून ठेवला. पौंडाला बरोबर १५ रुपये. इंग्लंडची सोन्याची गिनी आपल्याकडे १५ रुपयांना चालू लागली.

मात्र यात एक बारीक काटा होता. गोरगरिबांची शिल्लक बँकेत नसे, ती असे अंगावर. पैंजण, वाळे, गोठ या रूपांत. पूर्वी अडीनडीला चांदी दिली की तिचे जवळजवळ तेवढ्याच वजनाचे रुपये होत. टांकसाळ बंद झाल्यावर रुपयाचा भाव चढला, पण घरातल्या चांदीचा नाही. दुष्काळात दागिना मोडायला गेलेल्या बाईच्या हातात पूर्वीपेक्षा कमी रुपये पडू लागले. भाव ठरवला सरकारने, आणि तो सोसला ज्यांना 'विनिमय दर' हा शब्दसुद्धा माहीत नव्हता त्यांनी.

चढला आणि पडला

सोळा पेन्सांचा भाव पहिल्या महायुद्धापर्यंत नीट चालला. युद्धात जगभर चांदी महागली. आता उलटीच गंमत! रुपयातली चांदी रुपयापेक्षा महाग होऊ लागली. लोक रुपये वितळवतील म्हणून सरकारने ते वितळवायला बंदी केली आणि १९१७ साली आपल्याकडे पहिल्यांदा एक रुपयाची कागदी नोट आली. रुपयाचा भावही टप्प्याटप्प्याने वाढवला. १९२० च्या सुरुवातीला तर एका रुपयाला अडीच शिलिंगांच्याही वर मिळत होते. म्हणजे पौंडाला आठ रुपयेसुद्धा पडत नव्हते.

सरकारने जाहीर केलं की आता रुपयाचा भाव २ शिलिंग. भारतातल्या व्यापाऱ्यांनी विचार केला, पौंड इतका स्वस्त आहे तर मागवून घ्या माल! इंग्लंडला कापडाच्या आणि यंत्रांच्या मोठमोठ्या ऑर्डरी गेल्या. पण माल बोटीवर चढून मुंबईला येईपर्यंत रुपया घसरू लागला. लंडनमधली भारताची शिल्लक विकून सरकारने तो सावरायचा प्रयत्न केला, पण धरण फुटल्यावर हाताने पाणी अडवता येतं का? १९२१ साली रुपया १ शिलिंग ३ पेन्सांच्या आसपास आला. पौंडाला १६ रुपये! आठ-दहा रुपयांच्या हिशेबाने मागवलेल्या मालाला सोळा रुपयांप्रमाणे पैसे मोजायची पाळी आली. कित्येक व्यापाऱ्यांनी माल सोडवून घ्यायलाच नकार दिला, आणि कित्येकांचं दिवाळं निघालं.

दोन पेन्सांचं भांडण

आता येतो या गोष्टीतला सगळ्यात गाजलेला भाग. १९२५ साली सरकारने हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली एक कमिशन नेमलं. प्रश्न एकच होता: रुपयाचा भाव कायमचा किती ठरवायचा? युद्धाआधीचा १६ पेन्स, की नवा १८ पेन्स?

फक्त दोन पेन्स! त्यासाठी एवढा वाद कशाला, असं वाटेल. मुंबईतून परदेशी कापूस पाठवणाऱ्या व्यापाऱ्याच्या वहीत डोकावून पाहू. कापूस विकून त्याला १० पौंड मिळाले असं समजू.

भाव १६ पेन्स असेल, तर पौंडाला १५ रुपये. हातात पडले १५० रुपये.

भाव १८ पेन्स असेल, तर २४० भागिले १८, म्हणजे पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. हातात पडले १३३ रुपये ५ आणे ४ पै.

कापूस तोच, पौंड तेवढेच, पण १६ रुपये १० आणे ८ पै कमी. व्यापाऱ्याला कमी मिळाले की तो शेतकऱ्याला कमी देणार. दुसरीकडे, रुपया महाग झाल्यामुळे परदेशी कापड इथे सुमारे अकरा टक्क्यांनी स्वस्त पडणार. मग मुंबईच्या गिरण्यांचं कापड घेणार कोण? म्हणून मुंबईचे गिरणीमालक आणि व्यापारी १६ पेन्सांसाठी हट्टाला पेटले. कमिशनचेच एक सभासद सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी बाकीच्यांपेक्षा वेगळं मत नोंदवून १६ पेन्सांची बाजू मांडली.

पण या प्रश्नाला आणखी एक बाजू होती. ती नेमकी दाखवली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण ते अर्थशास्त्राचेही फार मोठे अभ्यासक होते. रुपया वर-खाली हेलकावे खात होता त्याच काळात ते लंडनला शिकत होते. तिथे त्यांनी रुपयाच्याच प्रश्नावर प्रबंध लिहिला, आणि १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हे त्यांचं पुस्तक प्रसिद्ध झालं. पुढे १९२५ साली त्यांनी हिल्टन यंग कमिशनपुढे साक्षही दिली.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. रुपया उतरला की परदेशी माल पाठवणाऱ्यांना जास्त रुपये मिळतात, हे खरं. पण हा नफा आकाशातून पडतो का? रुपया उतरला की देशात महागाई वाढते. मजुरी मात्र तितक्या लवकर वाढत नाही. म्हणजे मजुराला रुपये तेवढेच मिळतात, पण त्या रुपयांत धान्य कमी येतं. व्यापाऱ्याच्या खिशात जे पडतं, त्यातला मोठा वाटा मजुराच्या खिशातून निघालेला असतो. म्हणून रुपयाला परदेशात किती पेन्स मिळतात यापेक्षा, आपल्या बाजारात त्या रुपयाला किती माल मिळतो हे जास्त महत्त्वाचं.

पाहा, भाव एकच, पण तो शेतकऱ्याला एक सांगतो, गिरणीमालकाला दुसरं आणि मजुराला तिसरं. कुणी "रुपया वर गेला, छान झालं" किंवा "रुपया पडला, वाईट झालं" असं म्हणालं, की आपण लगेच विचारावं: कुणाचं छान? कुणाचं वाईट?

१९२७ साली कायदेमंडळात जोरदार वादावादी झाली आणि अगदी थोड्या मतांच्या फरकाने १८ पेन्सांचा भाव मंजूर झाला. पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. हा आकडा पुढे जवळजवळ चाळीस वर्षं टिकला!

सोनं चाललं बोटीवर

१९२९ पासून जगभर मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली. पौंड उतरला आणि त्याला बांधलेला रुपयाही सोन्याच्या मानाने उतरला. सोन्याचा भाव मात्र चढला. कर्जात बुडालेल्या, सारा भरायला पैसा नसलेल्या शेतकऱ्यांनी घरातलं किडूक-मिडूक सोनं विकायला काढलं. गावच्या सोनाराकडून शहरात, शहरातून मुंबई बंदरात, आणि तिथून बोटीने लंडनला, असा सोन्याचा ओघ कित्येक वर्षं वाहत राहिला. आजीच्या पेटीतली एखादी पुतळी त्या वेळी कुठे गेली, हे कित्येक घरांत कुणाला सांगता येणार नाही.

दुसऱ्या महायुद्धात वेगळंच घडलं. इंग्लंडने युद्धासाठी भारतातून धान्य, कापड, लोखंड असा वाटेल तेवढा माल उचलला. पैसे रोख दिले नाहीत, लंडनमध्ये भारताच्या नावावर मांडून ठेवले. इथे मात्र त्या मालापोटी नोटा छापून वाटल्या. माल गेला, नोटा वाढल्या आणि महागाई आकाशाला भिडली. पौंडाचा भाव कागदावर तोच होता, १३ रुपये ५ आणे ४ पै. पण बाजारात रुपयाचं बळ घटलं होतं. बाबासाहेबांचा मुद्दा आठवला ना?

युद्ध संपलं तेव्हा इंग्लंड भारताचं सुमारे १,७०० कोटी रुपये देणं लागत होतं. जन्मभर कर्जदार असलेला देश एकदम सावकार झाला होता! या काळात रिझर्व्ह बँकेची सूत्रं होती चिंतामणराव देशमुखांच्या हाती. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव १९४३ साली या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

काढा पेन्सिल!

आता आपण १९४७ ला पोचलो. घरातल्या त्या वाक्याची परीक्षा घेऊ.

त्या वेळी १ पौंड म्हणजे १३.३३ रुपये. आणि तोच १ पौंड म्हणजे ४.०३ अमेरिकी डॉलर. म्हणजे ४.०३ डॉलर बरोबर १३.३३ रुपये. तर १ डॉलर म्हणजे किती? १३.३३ भागिले ४.०३. उत्तर आलं सुमारे ३.३१. म्हणजे स्वातंत्र्याच्या वेळी एका डॉलरला तीन रुपये पाच आणे पडत होते. एक रुपया एक डॉलर ही नुसती ऐकीव गोष्ट! घरात पुन्हा कोणी तसं म्हणालं तर भांडू नका हं. वहीत हिशेब मांडून दाखवा, आणि तोही नम्रपणे.

सप्टेंबर १९४९ मध्ये इंग्लंडने पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणला. यालाच अवमूल्यन म्हणतात. भारतानेही रुपया तेवढाच खाली आणला. पौंडाशी नातं तेच राहिलं, पण डॉलर महागला. १३.३३ भागिले २.८०, म्हणजे ४ रुपये ७६ पैसे.

शेजारच्या पाकिस्तानने मात्र आपला रुपया खाली आणला नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत दोन्ही देशांचा रुपया एकच होता. आता पाकिस्तान म्हणू लागला, आमच्या १०० रुपयांना तुमचे १४४ द्या. भारताने हा भाव मान्य केला नाही. झालं! व्यापार अडून बसला. तागाच्या गिरण्या कलकत्त्याच्या आसपास, आणि ताग पिकवणारी शेतं पूर्व बंगालात, म्हणजे आजच्या बांगलादेशात. इकडे गिरण्यांना ताग मिळेना, तिकडे शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळेना. १९५१ च्या सुरुवातीला भारताने तो भाव मानला, तेव्हा कुठे ही कोंडी फुटली.

एकवीस, अठरा आणि पुढे

१९६२ आणि १९६५ ची युद्धं, पावसाची ओढ, परदेशातून आणावं लागणारं धान्य यांमुळे भारताची परकीय चलनाची गंगाजळी आटत गेली. ६ जून १९६६ रोजी सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला. पौंड तेव्हाही २.८० डॉलरचाच होता, म्हणून ७.५० गुणिले २.८०, पौंडाचे झाले २१ रुपये. लंडनला शिकणाऱ्या मुलाची २०० पौंड फी आदल्या दिवसापर्यंत २,६६७ रुपयांत भागत होती, ती एका रात्रीत ४,२०० रुपयांवर गेली. त्याच्या आईवडिलांना त्या रात्री झोप आली असेल का?

इथे एक कोडं आहे. कोणी सांगतं, रुपया ३६.५ टक्क्यांनी उतरला. कोणी सांगतं, डॉलर ५७.५ टक्क्यांनी महागला. खरं कोण? दोघंही! दहाचे पंधरा झाले, तर वाढ दहाच्या निम्मी, म्हणजे ५० टक्के. पण पंधराचे दहा झाले, तर घट पंधराच्या एकतृतीयांश, म्हणजे सुमारे ३३ टक्के. फरक पाचाचाच, पण मोजायला सुरुवात कुठून केली त्यावर टक्के बदलतात. टक्केवारी ऐकली की "कशाच्या?" असं विचारायची सवय लावून घ्या. आयुष्यभर उपयोगी पडेल.

नोव्हेंबर १९६७ मध्ये इंग्लंडवरच पाळी आली. पौंड २.८० वरून २.४० डॉलरवर उतरला. या वेळी रुपया त्याच्या मागे गेला नाही. ७.५० गुणिले २.४०, म्हणजे पौंड २१ वरून १८ रुपयांवर. तेव्हा पौंड कधी स्वस्त होतच नाही, असंही नाही बरं का.

सप्टेंबर १९७५ मध्ये रुपयाने पौंडाची साथ सोडली. एकाच चलनाला बांधून घेण्याऐवजी अनेक देशांच्या चलनांचा मिळून विचार करून भाव ठरू लागला.

१९९१ साली पुन्हा कठीण वेळ आली. परदेशातून तेल आणि इतर गरजेच्या वस्तू आणायला जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल एवढीच गंगाजळी उरली. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने लंडनला पाठवलं आणि ते तारण ठेवून कर्ज उभं केलं. त्याच महिन्याच्या पहिल्या तीन दिवसांत दोन टप्प्यांत रुपया खाली आणला गेला. डॉलर २१ रुपयांच्या आसपास होता, तो २६ च्या जवळ गेला. सोनं तारण ठेवावं लागलं याचं दुःख अनेकांना झालं. पण घेतलेलं कर्ज बुडवलं, असं मात्र भारताने होऊ दिलं नाही. मार्च १९९३ पासून रुपयाचा भाव मुख्यतः बाजारात ठरतो. घेणारे किती आणि विकणारे किती, त्यावर तो रोज थोडा वर-खाली होतो. २०१३ साली पौंड शंभर रुपयांच्या पलीकडे गेला, आणि २०२२ साली डॉलर ऐंशीच्या.

मग लाज वाटायची का?

आमच्या चौथीच्या वर्गात हा तक्ता फळ्यावर लिहिला, की मुलं गप्प होतात. मग कोणीतरी विचारतं, "म्हणजे आपला देश मागे पडला का?"

याचं उत्तर जपानकडे आहे. जपानचा एक येन आपल्या एका रुपयापेक्षाही लहान आहे. म्हणून जपान गरीब आहे का? नाही. मोठं नाणं म्हणजे मोठा देश, असं नसतं. एक रुपयाची पट्टी शंभर पैशांची केली म्हणून दप्तरातली वस्तू वाढत नाही, तसंच हे. बघायचं असतं ते असं: देशात महागाई किती वेगाने वाढते? आपण बनवलेला माल जग विकत घेतं का? आणि भाव बदलतो तेव्हा त्याची झळ कुणाला लागते?

दीडशे वर्षांच्या या गोष्टीत भाव ठरवणारी माणसं लांब लंडनला किंवा दिल्लीला होती. झळ मात्र चांदीचे वाळे मोडणाऱ्या बाईला, कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याला आणि महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या कामगाराला लागली. आता देश आपला आहे. उद्या तुमच्यापैकी कोणी रिझर्व्ह बँकेत बसेल, कोणी संसदेत, कोणी वर्तमानपत्रात लिहील. तेव्हा आकड्यामागची ही माणसं विसरू नका, एवढंच सांगायचं आहे.

आणि पालकांनो, एक काम तुमच्यासाठी. घरात एखादा जुना रुपया, आणा किंवा दोन पैशांचं नाणं जपून ठेवलेलं असेल, तर ते मुलांच्या हातावर ठेवा. त्यावरचं साल वाचून दाखवा. त्या साली पौंडाला किती रुपये पडत होते, हे आता ती तुम्हाला सांगतील.

तुम्ही करून पाहा

१. पौंडाला १० रुपये असताना ६ पौंडांचं एक घड्याळ मागवलं. रुपया १६ पेन्सांवर आल्यावर त्याच घड्याळाला किती रुपये जास्त पडतील?

२. रुपयाला १५ पेन्स मिळत असतील, तर ५ पौंडांचे किती रुपये?

३. वर्तमानपत्रात रोज येणारा पौंडाचा आणि डॉलरचा भाव महिनाभर वहीत टिपा. त्यावरून एका पौंडाचे किती डॉलर होतात, ते रोज भागाकार करून काढा. कोणत्या दिवशी रुपया सगळ्यात जास्त हलला, ते शोधा, आणि त्या दिवशीच्या बातम्यांत कारण सापडतं का बघा.

उत्तरं: (१) ३० रुपये जास्त. (२) ८० रुपये. (३) हे उत्तर तुमच्याच वहीत मिळेल!